तिसरं कोटेशन

स्मिता गुळवणीला साधी बाई समजणाऱ्याने तिच्याबरोबर एकदा सिंगापुरात सेरंगूनच्या भाजीबाजारात जावं. टोक मोडून बघितल्याशिवाय ती भेंडी घेत नाही. टोपलीमागचा चिनी अंकल ओरडतो, "नो ब्रेक, नो ब्रेक!" स्मिता दुसरी भेंडी उचलते, तिचंही टोक मोडते आणि म्हणते, "नो ब्रेक, नो बाय." हे वर्षानुवर्षं चाललंय. अंकल ओरडायचा थांबला नाही, ही मोडायची थांबली नाही.

बाई मूळची इचलकरंजीची. यंत्रमागांच्या खडखडाटात आपलं म्हणणं ऐकवायचं तर आवाज लावावाच लागतो, आणि तो लावलेला आवाज तिने इथे येताना बरोबर आणला. नोव्हेनाला एका हाडांच्या डॉक्टरकडे ती पुढचं टेबल सांभाळते. स्वतःच्या नोकरीच्या पासवर, नवऱ्याच्या नव्हे, हे ती कुणी न विचारताही सांगते. डॉक्टर मोठा आहे, पण रांग स्मिताची आहे. कोट घातलेला एखादा साहेब रांग मोडून पुढे आला की ती गोड हसते आणि त्याला खुर्ची दाखवते. शेवटची.

तिचं स्वतःचं कॉलेज तिच्या वडिलांनी निवडलं होतं आणि निकष एकच, एसटी कुणाच्या दारात थांबते. एसटी थांबायची कॉमर्स कॉलेजच्या दारात, म्हणून स्मिता कॉमर्सची झाली. व्हायचं होतं वकील, पण लॉ कॉलेजला जायला दोन गाड्या बदलाव्या लागत. वकिली मग तिने लग्नानंतर घरातच सुरू केली, आणि पक्षकार म्हणून नवरा मिळाला.

हा नवरा, श्रीनिवास, जुरोंग ईस्टला एका कंपनीत खरेदीचं काम बघतो. कंपनीला जे जे सॉफ्टवेअर लागतं ते कुणाकडून घ्यायचं, हे ठरवणारा माणूस. स्वभावाने गाय. पण त्या ऑफिसातला एक नियम त्याच्या हाडात मुरलाय: तीन कोटेशन्स आल्याशिवाय कशावरही सही करायची नाही. घरात पंखा घ्यायचा तर तीन दुकानं, दाढ दुखली तर तीन दंतवैद्य. लग्नाच्या वेळीही त्याने तीन स्थळं बघितली होती, असं स्मिता चारचौघांत सांगते. तो नाकारत नाही. नुसता म्हणतो, "सर्वोत्तम पार्टी निवडली."

अशा या दोघांची एकुलती एक इरा. इथेच वाढली, इथल्याच सरकारी शाळेत शिकली, आणि परीक्षा संपल्यावर एके दिवशी जेवताना म्हणाली, "मला इंटरनॅशनल रिलेशन्स करायचंय. विथ नॅशनल सिक्युरिटी."

श्रीनिवासच्या हातातला घास हातातच राहिला. "म्हणजे काय करतात?"

"देश एकमेकांशी कसे वागतात ते शिकतात, बाबा. का भांडतात. कसं सांभाळतात."

"ते आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर फुकट शिकायला मिळतं," स्मिता म्हणाली. पण आतून तिला बरं वाटलं होतं. भांडणं कशी सोडवायची हे शिकायला कॉलेज असतं हे तिला आधी कुणी सांगितलं असतं, तर तिने त्या दोन गाड्या बदलल्या असत्या.

इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या मंडळींना मात्र बरं वाटलं नाही. ओळखीपाळखीत ज्यांची मुलं कॉम्प्युटरला गेली होती त्यांनी "स्कोप काय?" असं विचारलं, आणि ज्यांची कुठेच लागली नव्हती त्यांनी तेच जरा जास्त जोरात विचारलं. सल्ला देणाऱ्याला ना फी भरावी लागते ना अभ्यास करावा लागतो, मग त्याने का म्हणून हात आखडता घ्यावा!

श्रीनिवासने रीतसर खरेदी सुरू केली. पहिलं नाव कॅनबेराचं, कारण जगाच्या क्रमवारीत ते वर होतं आणि श्रीनिवासला वरच्या गोष्टी आवडतात. दुसरं इथलंच, बेटाच्या पश्चिमेकडचं विद्यापीठ. कागदपत्रं भरायला बसल्यावर त्याच्या लक्षात आलं, नावं दोनच. बेचैन झाला बिचारा. शेवटी पुण्याला टेकडीमागे नव्याने निघालेल्या एका कॉलेजचं नाव त्याने तिसरं म्हणून टाकून दिलं.

"पुण्याला कशाला?" स्मिताने विचारलं होतं.

"अगं, घ्यायचंय कुणाला? तीन व्हायला हवीत ना."

तिन्हींकडून होकार आला. तिघांनाही शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं, आणि इथल्या विद्यापीठाने त्याआधी मंगळवारी शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला बोलावलं होतं. मग घरात दोन पक्ष पडले. श्रीनिवास कॅनबेराचा, स्मिता इथल्याची. पुण्याचा कुणीच नव्हता. आणि इराला कुणी विचारलं नव्हतं, कारण दोघांचीही खात्री होती की ती आपल्याच बाजूची आहे.

स्मिताचं कारण स्वच्छ होतं, पण ते तिने उघड सांगितलं नाही. पोरगी एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, अंतरावर राहायला हवी होती. शनिवारी कपडे धुवायला घरी यायला हवी होती. आता आईने असं मोठ्याने म्हटलं की ती पोरीच्या पायातली बेडी ठरते. म्हणून स्मिता म्हणायची, "इथली फॅकल्टी स्ट्राँग आहे." फॅकल्टी या शब्दाचा एवढा गैरवापर कुठल्याच आईने केला नसेल.

पण नुसतं म्हणून भागणारी ती नव्हे. सुट्टीच्या दिवशी कुणाला न सांगता ती निघाली, जुरोंग ईस्टला गाडी बदलली, पुढे बस धरली आणि विद्यापीठात उतरली. तिथे माहिती सांगायला एक चकचकीत खिडकी होती. तिच्याकडे तिने ढुंकून पाहिलं नाही आणि सरळ कॅन्टीन गाठलं. तिचं म्हणणं, खिडकीवरचा माणूस खपवायला बसवलेला असतो. खरं काय ते जेवणाऱ्याला माहीत असतं.

एका टेबलावर मुलगी एकटीच डब्यातली थालीपिठं खात होती. स्मिता समोर जाऊन बसली.

"लोणी विसरलीस की संपलं?"

मुलगी आधी दचकली आणि मग हसली. नाव शिवांगी, नाशिकची, आणि योगायोग असा की सामरिक विषयातच एमए करत होती. योगायोग कसला म्हणा, स्मिताने टेबलावरची पुस्तकं आधी वाचली होती, थालीपीठ नंतर दिसलं.

"शिकवतात कसं?"

"फार छान, काकू. मागच्या आठवड्यात आम्हाला दोन देश करून भांडायला बसवलं होतं. मी हरले, पण मजा आली."

"आणि पुढे? नोकरी?"

शिवांगीने घास संपवला. "बाहेर मिळतात. जहाज कंपन्या, विमा, संशोधनाच्या संस्था. सरकारी सुरक्षेच्या कामाला मात्र नागरिकच लागतात. माझे वर्गमित्र तिकडे अर्ज करतात, मी नाही करू शकत. तुमची मुलगी नागरिक आहे का?"

"नाही. होईल की पुढेमागे."

"ते आपल्या हातात नसतं काकू," शिवांगी म्हणाली. चांगली पोर. खोटं बोलली नाही.

स्मिताने तिला आपला नंबर दिला, लोण्याचं वचन दिलं, आणि परत येताना गाडीत या भेटीचे दोन भाग केले. छान शिकवतात हा भाग घरी सांगायचा. नागरिकांचा भाग सांगायचा नाही. एकवीस वर्षं पुरी झाली की बापाच्या पासवर मुलीला इथे राहता येत नाही हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण आधी पोरगी इथे राहू दे, मग पुढचं पुढे. भेंडीचं टोक तिने मोडून बघितलं होतं. निबर निघाली, तरी पिशवीत टाकली.

रविवारी श्रीनिवासने घरात मुलाखतीची रंगीत तालीम ठेवली. त्याच्या ऑफिसात मोठ्या खरेदीआधी बाहेरचा एक माणूस समितीवर बसवतात. इथे बसवले निशिकांतकाका. काका व्यापारी जहाजावर चीफ इंजिनिअर होते. उभा जन्म तळघरात इंजिनाशेजारी काढला, पण मलाक्काच्या सामुद्रधुनीतून अनेकदा गेल्यामुळे तिच्यावर आपलाच अधिकार आहे असं ते समजत. खिडकी नसलेल्या खोलीतून त्यांनी ती कशी पाहिली हे विचारायची मंडळात कुणाची छाती नव्हती.

काका टाय लावून आले. इरा समोर खुर्चीत बसली. श्रीनिवासने घसा साफ केला. स्मिता साबुदाणा वडे तळता तळता ओट्यापाशी कान देऊन उभी होती.

"मिस गुळवणी," काका म्हणाले, "वडा घेऊ का आधी? हं. तर, सुरक्षेला सगळ्यात मोठा धोका कोणता?"

"कुणाच्या सुरक्षेला, काका?"

"अं... सर्वसाधारण."

"सर्वसाधारण असं नसतं, काका. नेहमी कुणाची तरी असते."

"उत्तर चांगलं आहे," श्रीनिवासने हळूच टिपून घेतलं.

मग इरा सुरू झाली. अन्न बाहेरून येतं, पाणी मोजून असतं, समुद्राची वाट अरुंद, एवढ्याशा बेटाने कसं जागं राहायचं. शाळेत दर फेब्रुवारीला संरक्षण दिनाच्या निमित्ताने ते सगळं घोटून घेतात, आणि पोरीने ते नुसतं पाठ केलं नव्हतं, पचवलं होतं. वडे बाजूला ठेवून स्मिता दाराशी आली. मनात म्हणाली, झालं, मिळाली शिष्यवृत्ती.

एवढ्यात काकांना स्फुरण चढलं. "उत्तम! आता अवघड प्रश्न. समज, उद्या भारताचं आणि सिंगापूरचं वाजलं."

"वाजेल कशाला, काका?"

"समज म्हटलं ना! वाजलं. तर तू कुणाच्या बाजूची?"

"काका, असं विचारत नाहीत ला." इथल्या इंग्रजीच्या शेपटीचा हा 'ला' तिच्या मराठीतही शिरला होता.

"अगं, हेच विचारतात! मी सांगतो ना. बोल, कुणाच्या?"

इराची मान खाली गेली. खोलीत नुसता पंखा फिरत होता, तीन दुकानं फिरून आणलेला. श्रीनिवास वहीतून वर बघेना.

"काका," स्मिता कडाडली, "तुमचं आणि तुमच्या जहाजाचं वाजलं असतं, तर तुम्ही कुणाच्या बाजूचे? पोरीला काय विचारताय? टाय लावला म्हणून अक्कल येते का?"

"स्मिता, अगं, सराव..." श्रीनिवास म्हणाला.

"कसला सराव? रडवायचा?"

"आई, थांब." इराचा आवाज अजिबात रडका नव्हता. "काकांचं बरोबर आहे. मी पण स्वतःला हेच विचारते."

काका चकित झाले. त्यांचं कुणी कधी बरोबर आहे म्हणत नसे.

"शाळेत रोज सकाळी झेंडा वर जायचा," इरा म्हणाली. "मग सगळे मूठ छातीवर ठेवून प्रतिज्ञा म्हणायचे. आम्ही बाहेरचे, आमचे हात खाली. कुणी वाईट वागलं नाही हां. तो रूल होता, आणि रूल बरोबरच आहे. मी इतकी वर्षं हात खाली ठेवून उभी राहिले. माझ्याबरोबरचे मुलगे आता सक्तीच्या सैन्यसेवेला गेले, केस कापून. आणि मी त्यांना सुरक्षेवर निबंध लिहून दाखवणार? दे विल लाफ, बाबा."

"कुणी हसत नाही," श्रीनिवास म्हणाला.

"मग पुण्याला जाते तर आत्या म्हणते, तुमच्याकडे असं असतं, आमच्याकडे असं. तिकडे मी पाहुणी. दिवाळीला येते, चकल्या खाते, जाते. पासपोर्ट तिथला आहे, पण तिथे मी कधी रांगेत पण उभी नाही राहिले. देशाची सुरक्षा म्हणजे कुणाचं तरी घर ना? मला आधी घर बघायचंय. आतून." तिने एक दीर्घ श्वास घेतला. "मला पुण्याचं कॉलेज हवंय."

"पण ते तर मी नुसतं तीन पुरी करायला टाकलं होतं!" श्रीनिवास जवळजवळ किंचाळला.

"आय नो, बाबा. थँक यू."

निशिकांतकाकांनी टाय सैल केला आणि वडा उचलला. या घरात आता सल्ल्याला जागा उरली नाही, एवढं त्यांना जहाजाच्या तळघरातूनसुद्धा कळलं असतं.

काका गेल्यावर स्मिताने आवाज लावला तो वरच्या मजल्यापर्यंत गेला. आम्ही तिथून निघालो कशाला, राबलो कशाला, तुझ्यासाठीच ना, आणि तू परत तिथेच? इराने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आई, तू आणि बाबा तुमचं गाव सोडून आलात. चॉइस तुमचा होता. माझा अजून झालाच नाही." आणि खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर भांडण पुढे नेता आलं असतं. या पोरीने तीही सोय ठेवली नव्हती.

मंगळवारी इरा मुलाखतीला गेली नाही. नम्र पत्र लिहून कळवलं. स्मिताने त्या दिवशी क्लिनिकात तीन पेशंटना उगाच झापलं. चौथा, कुबड्या घेऊन आलेला म्हातारा, म्हणाला, "मिस, टुडे यू ऑल्सो पेन, इज इट?" तशी तिने त्याला खुर्ची दाखवली. पहिली.

जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यात गेली आणि पुण्याला फोन लावला. कॉलेज बघायचं असलं तर कॅन्टीनमध्ये बसायला हवं. तेवढा हात पोचत नाही, तर फोनवरून टोक मोडून बघू.

"वेलकम मॅडम! आमच्याकडे एसी हॉस्टेल आहे, जिम आहे, फॉरेन टायअप..."

"दादा, एसी मला सिंगापुरात उठता बसता मिळतो. शिकवतं कोण? ते माणूस द्या फोनवर."

"मॅडम लेक्चरमध्ये आहेत."

"मग मी थांबते."

"पण मॅडम, आयएसडी कॉल आहे..."

"बिल तुमचं आहे का? नाही ना? थांबते."

हा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना पुढचं सांगायला नको. थोड्या वेळाने एक बाई फोनवर आल्या. ऋता मॅडम. आधी बरीच वर्षं सरकारात परराष्ट्र खात्यात होत्या, आता शिकवत होत्या. आवाज खरखरीत, वेळ कमी.

"विचारा."

स्मिताने तोंडावर विचारलं. "माझ्या मुलीचं मराठी बरं आहे, हिंदी सिनेमातलं आहे, आणि रागावली की चिनी आजीसारखी इंग्रजी बोलते. तिथे तिला परकी म्हणून बाजूला बसवतील का?"

"बसवतील," बाई म्हणाल्या. "पहिले काही महिने नक्की. टोपणनाव पण ठेवतील. मग ती भांडेल, मग जागा देतील. भांडते ना?"

"माझी आहे."

"ते कळलं मला."

"आणि नंतर नोकरी? सरकारात?"

"परीक्षा आहे, लाखो बसतात. मी कुणालाच हमी देत नाही. ज्यांना हमी हवी असते त्यांना मी दुसरं कॉलेज सुचवते."

फोन ठेवून स्मिता तशीच जिन्यात बसून राहिली. हमी देणारा दिसला की पर्स घट्ट धरणारी ही बाई. इथे कुणी काही विकतच नव्हतं. तिला आणखी राग आला, कारण आता नाही म्हणायला काही उरलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी तिघं जेवणाच्या टेबलाशी बसली. श्रीनिवासच्या डोक्यात एकच, हरलेल्या दोन पार्ट्यांना सभ्य शब्दांत कळवायला हवं. इराने लॅपटॉप उघडला, पण कळफलकावर हात ठेवला नाही.

"आई, तू नाही म्हणालीस तर आज मी हे नाही करणार. पण मग इथेही नाही. एक वर्ष घरी बसेन."

"धमकी देतेस?"

"नाही. निगोशिएशन."

स्मिताला हसू आलं, ते तिने गिळलं. मग म्हणाली, "मी तिकडे पश्चिमेला, त्या विद्यापीठात, जाऊन आले होते. एक मुलगी भेटली. ती म्हणाली, इथे सरकारी काम नागरिकांनाच. ते मी तुम्हाला सांगितलं नाही."

"का?" श्रीनिवासने विचारलं.

"शनिवारी हिचे कपडे धुवायचे होते मला. म्हणून." तिने लॅपटॉप इराकडे सरकवला. "तिथे टोपणनाव ठेवतील म्हणे. रडत फोन करायचा नाही. भांडायचं, आणि मग फोन करून सांगायचं कशी जिंकलीस ते."

"आणि हरले तर?"

"तर जास्त वेळ फोन करायचा."

इराने होकार पाठवून दिला. श्रीनिवास उठला आणि त्याने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "प्रक्रिया मात्र बरोबर होती हां आपली."

स्मिता कचरा टाकायचं निमित्त करून खाली उतरली. लिफ्टपाशी शेजारच्या लो आंटी भेटल्या, हातात संत्र्यांची पिशवी. यांच्या मजल्यावर कुणाच्या घरात काय शिजतं हे आधी त्यांना कळतं, मग त्या घराला.

"युवर गर्ल, गो विच युनिव्हर्सिटी?"

"इंडिया."

"वा! सो फार. एव्हरीबडी कम हिअर, शी गो देअर. देअर हू लुक आफ्टर हर?"

"शी लुक आफ्टर हर ओन सेल्फ," स्मिता ताठ मानेने म्हणाली. "आय ट्रेन हर."

आंटींनी मान डोलावली. पिशवीतून दोन संत्री काढून तिच्या हातावर ठेवली आणि सहज विचारलं, "देन यू? हू लुक आफ्टर यू?"

लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं, रिकामीच वर गेली. संत्री हातात घेऊन ती तशीच उभी राहिली. मग नाक पुसलं आणि आंटींच्या हातातली जड पिशवी आपल्याकडे ओढून घेतली.

"यू ला," ती म्हणाली. "हू एल्स?"